जखमी डायनासोरच्या मागे कोण जाणार?

बंदुकांच्या दुकानात मागच्या खोलीत बसणाऱ्या मिस्त्रीला सगळे नळीकाका म्हणत. कुणी बंदूक दुरुस्तीला आणली की काका आधी तिची नळी सोडवायचे, खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि आतून बघायचे. मग तो डोळा तसाच मिटलेला ठेवून बंदूक आणणाऱ्याकडे बघायचे. नळीत माणसाचं सगळं दिसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. बंदूक वापरून तशीच घाणेरडी कोपऱ्यात उभी करणारा, तेल म्हणून हाताला लागेल ते ओतणारा, गंज चढला की नोकराला बोल लावणारा, सगळे त्यांना त्या वीतभर उजेडात ओळखू यायचे. बासष्टाव्या वर्षापर्यंत इतक्या नळ्यांतून बघून झाल्यावर माणसांबद्दल त्यांचं मत काही चांगलं उरलं नव्हतं.

तसे ते भांडखोर नव्हते. बोलायचेच कमी. पण चेहरा लपत नसे. नाकाशी कुणी काहीतरी कुजकं धरलंय असा तो कायम असायचा. तुमचा मिस्त्री आमच्या चपलेला शेण लागल्यासारखा बघतो, अशी तक्रार गिऱ्हाइकांनी मालकाकडे केली होती. मालकाने ती हसण्यावारी नेली. हात सोन्याचे आहेत, चेहऱ्याचं काय करायचंय, असं तो म्हणाला आणि त्यात खोटं काही नव्हतं. काकांच्या हाताखालून गेलेली बंदूक ऐन वेळी वाजली नाही, असं चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. ‘नळीकाकांनी बघितलीय’ एवढं सांगितलं की जुनी बंदूक विकली जायची. मिरवावं असं त्यांच्यापाशी हे एकच होतं, आणि तेही ते मिरवत नसत.

दर शनिवारी दुपारी चार वाजता त्या दुकानात डायनासोरची शिकार चालायची.

शिकारी चौघे. दुकानाचा मालक, समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर, एक बांधकामाचा ठेकेदार आणि एक वकील. डॉक्टरच्या दवाखान्यात ताटकळणाऱ्यांसाठी ठेवलेल्या एका मासिकात डायनासोरचं मोठं रंगीत चित्र आलं होतं. याला आडवा करायला काय लागेल, असं ठेकेदाराने ते बघून विचारलं, आणि त्या एका प्रश्नावर आठ महिने निघाले. डॉक्टरने पुढे छापील तक्ताच करून आणला. जनावर कोणतं, बंदूक कोणती, काडतूस कोणतं, किती पावलांवरून, गोळी कुठे मारायची, असे पाच रकाने. दर शनिवारी एक जनावर ठरायचं, चौघे चार तक्ते भरायचे आणि कुणाचा बरोबर यावर सहा वाजेपर्यंत घसा कोरडा करायचे. मरून कोट्यवधी वर्षं झाली तरी बिचाऱ्यांची सुटका नाही, असं काका मागच्या खोलीत कानस घासत स्वतःशी पुटपुटायचे.

ठेकेदाराचं उत्तर कायम एकच. सगळ्यात मोठी. जनावर कोंबडीएवढं असो की तीन मजली, त्याला दुकानातली हत्तीसाठी घडवलेली जुनी रायफल हवी असायची. तिचं एकेक काडतूस मधल्या बोटाहून लांब होतं. ती ठेकेदाराने जन्मात दोनदा उडवली होती, दोन्ही वेळा डोळे मिटून. डॉक्टर बारकाव्यांत शिरायचा. मोठ्या जबड्याच्या जनावराने तोंड उघडलं की टाळूत मारायचं, कारण तिथलं हाड पातळ, हा त्याचा सिद्धांत. तोंड उघडलंच नाही तर, असं वकिलाने विचारलं. माझ्यासमोर सगळेच उघडतात, असं डॉक्टर म्हणाला आणि चौघे पोट धरून हसले. वकील स्वतः कुठलीच बंदूक निवडायचा नाही, इतरांनी निवडलेली कशी चुकीची ते सांगायचा. मऊ टोकाची गोळी जाड कातडीत वरच फुलून अडकेल. टणक गोळी आरपार जाईल आणि जनावर चालतच राहील. मालक प्रत्येकाला हो म्हणायचा, कारण तिघेही गिऱ्हाईकं होती.

वकील सांगायचा त्यात चूक नव्हती. पुस्तकातलं वाचून नीट सांगायचा. काकांना शिसारी यायची ती निराळ्याच गोष्टींची. खेळ रंगला की हाक यायची, काका, ती मोठी काढा, काका, ती दुनळी आणा. काकांनी फडक्यात धरून आणलेली बंदूक हे लोक बिस्किटाच्या हातांनी घ्यायचे. उघडलेल्या नळीत बिस्किटाचा चुरा पडायचा. मग फाटक लावल्यासारखी ती धाडकन बंद करायची आणि रिकामाच चाप ओढायचा, टक्. पुन्हा टक्. तो आवाज काढल्याशिवाय त्यांना शिकार केल्यासारखंच वाटत नसे. आणि मेल्यावरच्या गप्पा तर विचारू नका. डॉक्टरला त्या राक्षसाचा एक दात टेबलावर ठेवायचा होता. ठेकेदाराला पाऊल आतून कोरून बैठक करायची होती. मानेवर पाय देऊन फोटो कसा काढायचा, मान एवढी उंच असेल तर शिडी न्यायची का, यावर एक अख्खा शनिवार गेला. बंदुका परत आल्या की काका एकेक नळी ब्रशने साफ करायचे, चुरा फुंकून टाकायचे आणि मग हात साबणाने दोनदा धुवायचे.

एकदा त्यांनी काकांनाच विचारलं होतं की तुम्ही काय न्याल.

"मी जाणारच नाही," काका म्हणाले. "त्याने माझं काय वाकडं केलंय?"

हे उत्तर चौघांना इतकं आवडलं की महिनाभर ते आल्यागेल्याला ऐकवत होते. काकांनी ते विनोदाने म्हटलेलं नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

काकांचं घर दुकानापासून वीस मिनिटांवर होतं. खाली दोन खोल्या, वर एक. खाली काका आणि वहिनी, वर पुतण्या आणि त्याची बायको. काकांनी लग्न केलं नाही. थोरला भाऊ गेला तेव्हा पुतण्या दोन वर्षांचा होता, वहिनी सव्वीसच्या, काका चोवीसचे. मग घर चालवायचं होतं ते चालवत राहिले आणि लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

भाऊ शिकाऱ्यांबरोबर जंगलात जायचा. वाट दाखवणं, माग काढणं हे त्याचं काम. बंदूक त्याच्या हातात कुणी कधी दिली नाही. एक मोठे साहेब होते, त्यांना रानडुक्कर मारायचं होतं. बंदूक तयार करून काडतुसं काढून देणं हे दुकानात नव्यानेच लागलेल्या काकांचं काम. साहेबांनी पक्ष्यांवरच्या छऱ्यांचीच डबी उचलली. हे छर्रे डुकराला हलके पडतील, असं काकांनी एकदा सांगून बघितलं. इतक्या जवळून काय फरक पडतो, असं साहेब म्हणाले. काका म्हणाले, "हो साहेब," आणि डबी बांधून दिली.

डुक्कर जखमी होऊन गवतात शिरलं. ज्याने जखमी केलं त्याने मागे जायचं, हा शिकारीतला नियम. साहेबलोक तो फार ऐटीत सांगतात. त्या दिवशी साहेब जीपमध्ये बसून राहिले आणि गवतात भाऊ गेला, हातात काठी घेऊन. चार दिवस तो इस्पितळात होता, पाचव्या दिवशी गेला. चिडण्यासारखी गोष्ट ही की त्याच दिवशी संध्याकाळी साहेबांनी बंदूक सफाईला पाठवली आणि काकांनी ती साफ केली. नळी खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला, आत बघितलं. एकच नळी काळी झालेली होती. दुसऱ्या नळीतलं काडतूस साहेबांनी उडवलंच नव्हतं. त्या दिवसापासून काकांचा चेहरा असा झाला असं म्हणतात. किळस त्यांना साहेबांची आली तेवढीच स्वतःचीही आली होती, आणि साहेब पुढे वारले तरी ही दुसरी किळस शिल्लक होती.

महिन्याभराने काकांनी वहिनींना सगळं सांगून टाकलं होतं. बंदूक मी तयार केली, छर्रे मी बांधून दिले, हलके आहेत हे मला माहीत होतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि उठून चूल पेटवली. त्यावर त्या पुढच्या अडतीस वर्षांत एक शब्द बोलल्या नाहीत.

पुतण्या चाळिशीचा झाला होता. अंगापिंडाने दणकट, जीप चालवायचा. मालकाकडे, ठेकेदाराकडे, ज्याला लागेल त्याच्याकडे जायचा. शनिवारची मंडळी त्याला पैलवान म्हणायची. ठेकेदार त्याला आपल्याकडे कायमचा ठेवून घेणार, असं चाललं होतं, आणि त्या आशेवर पुतण्या त्याच्या पुढेपुढे करायचा. बापाबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की तो जनावराला न भिणारा माणूस होता. कुणी विषय काढला की छाती फुगवून सांगायचा, मी त्याचाच मुलगा.

अशात एका शनिवारी मालक कागद नाचवत आला. रानडुकरांनी शहराबाहेरच्या शेतांत धुडगूस घातला होता आणि काही डुकरं मारायचा सरकारी परवाना निघाला होता. मालकाने खटपट करून त्यात चौघांची नावं घातली होती. पुढच्या रविवारी जायचं. चौघांच्या अंगात वारं शिरलं. आठ महिने कागदावर शिकार केली, आता ही तिची रंगीत तालीम, असं डॉक्टर म्हणाला. मग ठरलं की ज्याने आपल्या तक्त्यात जी बंदूक आणि जे काडतूस लिहिलंय तेच त्याने न्यायचं. डायनासोरला चालतं ते डुकराला चालायलाच हवं.

ठेकेदाराने अर्थातच हत्तीची रायफल धरली. डॉक्टरच्या मागच्या तक्त्यात टोळीने धावणारे छोटे डायनासोर होते. एकाच बारात चार-पाच तरी लोळवायचे म्हणून त्याने छर्रे लिहिले होते. पक्ष्यांवरचे. वकिलाने पहिल्यांदाच एक दुनळी पसंत केली, तिच्यावरची नक्षी बघून. मालकाने आपली जुनी दुनळी घेतली. दाराशी उभ्या काकांच्या कानावर ‘छर्रे’ हा शब्द पडला.

ते पुढे आले आणि काउंटरवरचा एक तक्ता त्यांनी उलटा करून आपल्याकडे ओढला.

"यात एक रकाना कमी आहे," ते म्हणाले. "जनावर जखमी झालं तर मागे कोण जाणार?"

हे कुणालाच सुचलं नव्हतं. आठ महिन्यांत या लोकांनी पृथ्वीवरचा प्रत्येक डायनासोर मारला होता, पण त्यांचा एकही डायनासोर कधी जखमी झाला नव्हता. गोळी लागली की तो जागच्या जागी पडायचा आणि फोटोसाठी मान वाकडी करायचा. वकिलाने मुद्दा मान्य केला. डॉक्टरने खिशातून पेन काढलं, पट्टी लावून सहावी रेघ मारली आणि वर मथळा लिहिला, ‘जखमी जनावरामागे’. मग चौघांनी आपापले तक्ते समोर घेतले. फार विचार करावा लागला नाही. एकमेकांच्या कागदात डोकावले, हसले आणि चौघांनीही एकच शब्द लिहिला. पैलवान.

काकांनी चारही कागद वाचले. डॉक्टरचं अक्षर वाईट होतं, तरी तो शब्द स्पष्ट होता. यांना स्वप्नं पडली, तीही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, तरी त्या स्वप्नातसुद्धा गवतात शिरायला यांना आमच्याच घरातला माणूस सापडतो, असं त्यांच्या मनात आलं. अहो काका, गंमत आहे, असं मालक म्हणाला. रविवारी गंमत नाही, असं काका म्हणाले. डुकराला छर्रे चालत नाहीत. ती रायफल ठेकेदारसाहेबांना झेपत नाही, ते डोळे मिटतात. डुक्कर मरणार नाही, फक्त दुखावेल. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, एवढं ते वर्षभरातही बोलत नसत. चौघांनी ते मन लावून ऐकलं आणि पुन्हा कुठली बाजू फोटोला चांगली याकडे वळले.

घरी त्यांनी पुतण्याला जिन्याखाली गाठलं आणि जाऊ नको म्हणून सांगितलं. पुतण्याने आधी थट्टेवारी नेलं, मग तो चिडला. ठेकेदाराने रविवारनंतर कामावर घेतो असं सांगितलं होतं. ऐन वेळी अंग काढलं तर पुन्हा उभं करणार नाही तो.

"आईला यातलं बोलू नका," तो म्हणाला. "मी नुसती गाडी चालवणार आहे, एवढंच तिला सांगितलंय. आणि काका, माझा बाप जायचाच ना मागे? मी काय त्याच्याहून भित्रा आहे?"

बाप का गेला, कुणाच्या छऱ्यांमागे गेला, हे तेव्हा सांगता आलं असतं. काकांच्या ओठांपर्यंत आलंही. पण वर सूनबाई उभी होती, आत वहिनी भांडी लावत होत्या, आणि अडतीस वर्षं गिळलेली गोष्ट जिन्याखाली उभ्याउभ्या बाहेर येत नाही. ते नुसतेच आत गेले.

सगळा आठवडा ते विचार करत होते. काडतुसांच्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. ती द्यायची नाही म्हटलं तर मालकाकडे दुसरी होतीच. आजारी पडलो म्हणून घरी बसावं तर बंदुका आपोआप थांबणार नव्हत्या. पोलिसांकडे जावं तर परवाना सरकारीच होता. आणि पुन्हा एकदा सांगून बघावं तर ते सांगून झालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मालकाने चारही बंदुका त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि रविवारसाठी झकास करून ठेवा, असं म्हणून तो गेला.

शनिवारी सकाळी काकांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. खिडकीखालच्या टेबलावर स्वच्छ फडकं पसरलं. एकेक बंदूक उघडली, नळ्या पुसल्या, सांध्यांना तेलाचा थेंब दिला, सगळं रोजच्यासारखं. फक्त प्रत्येक बंदुकीतली एक बारीकशी वस्तू त्यांनी बाहेर काढली. चाप ओढला की जी पुढे येऊन काडतुसाच्या बुडावर टोचते आणि बार उडतो, ती पिन. दुनळीच्या दोन, अशा तिन्ही दुनळ्यांच्या सहा, आणि रायफलची एक. सात पिना त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकल्या आणि बंदुका परत जोडल्या. वरून काही कळण्यासारखं नव्हतं. चाप ओढला की टक् आवाज येतच होता, आणि या मंडळींची तेवढ्यावर खात्री पटते हे काकांहून जास्त कुणाला ठाऊक.

डुकराचाही त्यांनी विचार केला होता. न दुखावलेलं डुक्कर माणूस दिसला तर बघतं आणि आपल्या वाटेने निघून जातं. माणसाची गोष्ट तशी नाही. तरी बंदुका काउंटरवर मांडताना त्यांनी प्रत्येक पुन्हा एकदा पुसून ठेवली. न वाजणारी बंदूक ते आयुष्यात पहिल्यांदाच दुकानाबाहेर पाठवत होते, आणि त्यांना स्वतःचा विटाळ वाटत होता. दुपारी चौघे आले, बंदुका उचलून बघितल्या, रिकामे चाप ओढले. टक्. मालक म्हणाला, नळीकाकांनी बघितल्यात, आता प्रश्नच नाही.

रविवारी दुकान बंद असतं. काका तरी किल्ली घेऊन गेले आणि मागच्या खोलीत बसून राहिले. तीनच्या सुमाराला जीप थांबली आणि त्यांनी दार उघडायच्या आधीच आरडाओरडा आत आला. पुतण्या सगळ्यात शेवटी उतरला. त्याच्या पायांवर चिखल होता, बाकी काही नव्हतं. काकांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं आणि मग ते स्टुलावर बसले.

झालं होतं ते असं. तीस पावलांवर एक मोठं डुक्कर उसातून बाहेर आलं आणि समोरच उभं राहिलं. ठेकेदाराने डोळे मिटून चाप ओढला. टक्. डॉक्टरने दोन्ही चाप ओढले. टक्, टक्. वकील आणि मालक यांचीही तीच गत. डुकराने मान वर करून या चौघांकडे पाहिलं, थोडं हुंगलं आणि सावकाश पाठ फिरवून ते निघून गेलं. आसपासचे शेतकरी बांधावर उभे राहून बघत होते आणि ते हसले. तिथून इथपर्यंत येताना ठेकेदाराने आधी काडतुसांना, मग मालकाला, मग बंदुकांना शिव्या घातल्या होत्या.

"मी काढल्या पिना," काका म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

ठेकेदाराचा चेहरा लालबुंद झाला. जनावर अंगावर आलं असतं तर माझा जीव गेला असता, असं तो काकांच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला.

"तुमचा नसता गेला, साहेब," काका म्हणाले. "त्या रकान्यात तुमचं नाव नाही."

मग मालकाने त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. चाळीस वर्षांचं दुकानाचं नाव मातीत घातलं, उद्या बाजारात तोंड कसं दाखवू, तुम्हाला घरचा माणूस समजत होतो. काकांनी सगळं ऐकलं. त्यातलं नावाचं जे होतं ते खरंच होतं आणि ते त्यांना झोंबलंही. कपाटाची किल्ली, दुकानाची किल्ली आणि आपला चष्म्याचा डबा यांपैकी पहिल्या दोन त्यांनी टेबलावर ठेवल्या. रागाच्या भरात पिनांचं कुणाला आठवलं नाही. पैलवानला उद्यापासून येऊ नको, असं ठेकेदाराने जाता जाता फर्मावलं.

घरी येईपर्यंत पुतण्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत होता. घरात शिरताच मात्र त्याचा बांध फुटला. काकांनी त्याचं काम घालवलं, गावासमोर त्याचं हसं केलं, आणि स्वतःचंही उरलंसुरलं नाव घालवलं. म्हातारपणी डोकं फिरलंय. वहिनी आतून हात पुसत बाहेर आल्या आणि उभ्या राहून ऐकत होत्या. गाडीच चालवायची होती ना, मग तुझं हसं कसं झालं, असं त्यांनी मुलाला विचारलं. तेव्हा त्याला सांगावं लागलं. रकाना, छर्रे, डॉक्टर, सगळं. सांगताना त्याचा आवाज हळूहळू खाली गेला. शेवटी तो जिना चढून वर निघून गेला.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वहिनींनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. काकांनी खिशातून रुमाल काढला, उद्या या परत करायला हव्यात असं काहीतरी म्हणाले आणि तो उलगडला. वहिनी जवळ आल्या.

"काय आहे हे, भाऊजी?"

"बंदुकीतलं. हे नसलं की बंदूक म्हणजे नुसती काठी."

वहिनींनी एक पिन उचलली, तळहातावर ठेवली, मग चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. शिवणाचं काम करून त्यांची नजर अजून शाबूत होती.

"एवढंसंच असतं?"

"हो."

"आणि काढायला किती वेळ लागतो?"

"सवयीच्या हाताला पाच मिनिटं."

वहिनींनी मान हलवली. वर पुतण्याच्या पावलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"मग त्यांच्या वेळेला का नाही काढलीत?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. दुधाचं भांडं झाकलं का म्हणून विचारावं तसं विचारलं होतं. काकांनी सवयीने एक डोळा मिटला आणि लगेच उघडला.

"तेव्हा एकदा सांगून बघितलं होतं, वहिनी," ते म्हणाले. "मला वाटलं, तेवढं पुरे."

वहिनींनी ती पिन बाकीच्या सहांत ठेवली, रुमालाची चारी टोकं एकत्र करून गाठ मारली आणि पुरचुंडी काकांच्या हातात दिली. मग त्या वर मुलाकडे गेल्या.